अनोळखी ठिकाणाहून आलेली पत्रिका

१४ ऑक्टोबर
वान्दोच्या धक्क्यापलीकडचं आपलं बेट

ओकही,

छुसकच्या, सुगीच्या सणाला तू गावी आली नाहीस. फोन केला तर उचलला नाहीस. म्हणून हे पत्र. तसंही जन्म-मरण फोनवर कळवायचं आणि भांडण पत्रातून करायचं, हे तू लग्न होऊन इंचॉनला गेलीस तेव्हापासून ठरलेलंच आहे. पत्रात कुणाला मध्येच तोडता येत नाही.

सरळ विचारते. तुझ्या तेहोचं लग्न कधी आहे? गेल्या हिवाळ्यात दोन्ही घरची माणसं एकत्र जेवली, मुलगी बँकेत आहे, गोरीपान आहे, हॉल बघून आलात, असं चार पानं भरून लिहिलं होतंस. ती वाचून मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते, तेही आता सांगूनच टाकते. मग वसंत गेला, उन्हाळा गेला, आणि तू तोंडाला कुलूप लावून बसलीस. काल धक्क्यावर बोक्सुन भेटली. तीच आपली बोक्सुन, जी वर्गात आपल्या दोघींच्या मध्ये बसायची आणि आपण तिच्या पाठीमागून एकमेकींना चिमटे काढायचो. मला म्हणते, "ओकहीच्या मुलाचं लग्न याच महिन्यात का पुढच्या? तुला पत्रिका आली असेलच."

असेलच म्हणे! हातात विकायच्या ओल्या समुद्री शेवाळाची टोपली होती, ती तिथेच आपटावीशी वाटली. पण हसून म्हटलं, "हो तर, केव्हाच आली." तुझ्यापायी खोटं बोलले.

माझ्याकडे काय आहे सांगायला? एक मिरान. पुढच्या वर्षी चाळिशी लागेल तिला. क्वांग्जूला लोकांचे दात साफ करते आणि खोलीवर येऊन एकटी जेवते. सणाला दोन दिवस आली तेव्हा शेजारणींनी विचारलंच, "मिरान, शेवया कधी खिलवतेस गं?" आपल्याकडे लग्नाच्या शेवयांवर सगळ्यांचा डोळा. तर ही तोंडावर म्हणते, "मावशी, शेवया दुकानात मिळतात." बायका हसल्या. मी मात्र मान खाली घालून भांडी घासत बसले.

आणि जाता जाता माझ्या फोनला राखण ठेवून गेली. म्हणजे काय, तर फोनच्या स्वतःच्या दुकानातून घेतलेलं ॲप तेवढं आत येणार. बाहेरून कुणी काही पाठवलं तर फोन त्याला दारातच अडवणार. "आई, लग्नाची पत्रिका, मयताची बातमी, असं काहीही लिहून चोर आपलं ॲप फोनमध्ये घुसवतात. आणि तू दिसेल तिथे बोट लावतेस." म्हटलं, याच बोटांनी तुला भरवलंय. फोन माझा आणि हुकूम हिचा!

ते जाऊ दे. पत्रिका पाठवणार असशील तर पाठव. पण बोक्सुनला आधी आणि मला मागून, असं झालं ना, तर मी लग्नाला येणार नाही. आणि आले तर रडत बसेन, मग फोटो खराब होतील तुझे.

कुमजा

&nbsp;

२२ ऑक्टोबर
इंचॉन

कुमजा,

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग हसू आलं. अजून तशीच आहेस, नाकावर राग घेऊन फिरणारी.

लग्न पुढे गेलंय, एवढंच. तेहोला कंपनी सारखी इकडेतिकडे पाठवते. मोठी कंपनी म्हटली की ते आलंच. त्यातून चांगल्या हॉलची तारीख मिळणं म्हणजे काय दिव्य असतं, ते बेटावर बसून तुला नाही कळायचं. माझा लग्नात घालायचा हानबोक मात्र शिवून तयार आहे. फिक्या हिरव्या रंगाचा, रेशमी. कपाटात टांगलाय. इमारतीतल्या बायका लिफ्टमध्ये भेटल्या की मला "सासूबाई" म्हणून चिडवतात. मी म्हणते, "अहो, अजून अवकाश आहे."

बोक्सुनला मी काही पाठवलेलं नाही. तिला कुणी सांगितलं देव जाणे. पत्रिका छापल्या की पहिली तुला, आता झालं समाधान?

बाकी तू रडतेस कशाला, तेच मला कळत नाही. मिरान दोन दिवस राहिली म्हणतेस. तेहो सणाला आला, जेवला आणि पोटातलं अन्न खाली उतरायच्या आत गेलासुद्धा. कामं असतात त्याला. आणि फोनला राखण ठेवली म्हणून एवढा थयथयाट! तेहोने मला घेऊन दिलेला फोन महागातला आहे, त्यात ती राखण आधीपासूनच असते. कुणाला बसून लावावी लागली नाही.

थंडी पडायला लागली का? शेवाळाच्या पाण्यात हात घालताना मोजे घाल. सांधे धरतील तुझे.

ओकही

&nbsp;

४ नोव्हेंबर
बेटावरून

ओकही,

पाठवलीस एकदाची! मला वाटलंच होतं, पुढे गेलंय वगैरे सगळं वर वर. मला चकित करायचं होतं ना तुला?

दुपारी शेवाळ वाळत घालून हात पुसले, तर फोनवर निरोप: "लग्नाला अगत्याने यावे. पत्रिका येथे पाहा." नंबर अनोळखी होता. म्हटलं, आता अशा पत्रिका पाठवायलासुद्धा माणसं ठेवतात शहरात. आनंद झाला की दुखलं, ते मलाच सांगता येईना. खरं सांगू? दुखलंच जास्त. म्हटलं, झालं, हिच्या घरात सून येणार. मी आपली लोकांच्या लग्नात शेवया ओढत बसणार.

तर बोट लावलं, आणि फोन अडून बसला. "अनोळखी ठिकाणाहून आलेले ॲप बसवता येणार नाही. आपल्या सुरक्षिततेसाठी अडवले आहे." पुन्हा बोट लावलं, पुन्हा तेच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बोक्सुन आपल्या फोनवर तुझ्या सुनेचा फोटो बघणार, सगळ्या गावाला दाखवत फिरणार, आणि माझ्या फोनमध्ये माझीच पोर दाराला टेकून उभी! मिरानने कुठे कुठे बोट लावलं होतं ते मी खांद्यावरून बघितलं होतं. शोधून काढलं आणि ती राखण केली बंद. फोनने किती वेळा विचारलं, नक्की का, धोका आहे, नक्की का. म्हटलं, हो रे बाबा, नक्की. मैत्रिणीच्या घरचं लग्न आहे, धोका कसला?

पण ओकही, आत काहीच नाही. कोरं पान, आणि मध्ये एक चाक फिरतंय. तुझी सून काही दिसली नाही. शहरी पत्रिका आमच्या फोनला झेपत नसेल. तारीख तरी पत्रातून कळव. मी राखाडी हानबोक काढून उन्हात टाकलाय. तुझ्या हिरव्यापुढे तो पोतेऱ्यासारखा दिसणार आहे, ते ठाऊक आहे मला.

कुमजा

&nbsp;

६ नोव्हेंबर
इंचॉन

कुमजा,

तुझं पत्र आलेलं नाही, आणि आता येण्याची गरजही नाही. काल सकाळी तुझ्या नंबरावरून निरोप आला. "लग्नाला अगत्याने यावे." एकुलत्या एका लेकीचं लग्न, आणि माझ्यासाठी तेवढे तीनच शब्द.

अभिनंदन.

"माझ्याकडे काय आहे सांगायला" म्हणून मागच्या महिन्यात टिपं गाळलीस. म्हणजे तेव्हा सगळं ठरलेलं होतं तर! माझ्याकडून तेहोचं काढून घ्यायचं आणि स्वतःचं पदराखाली झाकून ठेवायचं. चिमटे काढण्यात पहिल्यापासून तूच हुशार.

तुझी पत्रिका माझा फोन उघडू देईना. म्हणे अनोळखी ठिकाणाहून आली आहे. कुमजा, आणि मला अनोळखी! मी ती अडवणूक काढून टाकली. नवी गोष्ट, मला जमत नव्हती, पण आज सकाळी इमारतीच्या चौकीदाराला विचारून विचारून काढली. आत कोरं पान. जावयाचा फोटोसुद्धा मला दाखवायचा नाही, असं असेल तर तसं म्हणायचं होतंस.

मी येईन की नाही, सांगता येत नाही. गुडघे दुखतात, आणि बोट लागते मला.

ओकही

&nbsp;

१६ नोव्हेंबर
बेटावरून

ओकही,

हे पत्र फाडायच्या आधी वाच. मग काय करायचं ते कर.

मिरानचं लग्न नाही. कुणाचंच लग्न नाही. मला आली ती पत्रिका तुझी नव्हती, आणि तुला आली ती माझी नव्हती. मी फोनची राखण काढली त्या वाटेने चोर आत शिरला, आणि माझ्या फोनमध्ये जेवढी नावं होती त्या सगळ्यांना त्याने माझ्या नंबरावरून तोच निरोप पाठवला. निरोपात ना मुलाचं नाव, ना मुलीचं. पण कुमजाच्या घरून लग्नाची पत्रिका म्हटल्यावर दुसरं कुणाचं असणार?

मला काही पत्ताच नाही. सकाळी शेवाळाच्या ताट्या मांडत होते, तर गावच्या भोंग्यावरून आपले गावप्रमुख खाकरले. त्यांचा आवाज तुला आठवत असेल, मासे मोजल्यासारखे बोलतात. "ग्रामस्थांना कळवण्यात आनंद होतो की, कुमजाबाईंची कन्या मिरान हिचा विवाह ठरला आहे. सर्वांतर्फे अभिनंदन." आणि मग ते जुनं गाणं लावलं, भोंगा फाटेल इतक्या मोठ्यांदा.

पहिल्यांदा मला मिरानचाच राग आला. म्हटलं, गावप्रमुखाला आधी सांगते आणि आईला नाही! फोन केला तर ती कामावर, उचलेना. तोवर बायका आल्याच. कुणी तांदळाच्या वड्या आणल्या, कुणी नुसती मिठी मारली. खालच्या घरची म्हातारी माझे हात धरून रडली. म्हणाली, आता सुखाने मरेन. लग्न माझ्या पोरीचं आणि मरणार ही!

दुपारी मिरानचा फोन आला. मी बोलायच्या आतच ओरडली, "आई, फोन बंद कर! बाहेरून काही बसवलंस ना? बँकेला मी कळवते. तू आत्ताच्या आत्ता भोंग्यावरून सगळ्यांना सांग, कुणीही ती पत्रिका उघडू नका म्हणून. तुझ्या शहरातल्या मैत्रिणींना सांगायला लाव कुणालातरी." मी हो म्हटलं. फोन बंद केला.

आणि सांगितलं नाही.

ओकही, मी समाजमंदिरात गेले होते सांगायलाच. खरंच सांगते. पण दार उघडलं तर सगळ्या सरकल्या. जमिनीखालची शेगडी जिथे जास्त तापते ना, ती उबेची जागा, जिथे सुना-जावई असलेल्या बायका पाय पसरून बसतात आणि आम्ही दाराशी गारठतो, तिथे मला बसवलं. "ये, विहीणबाई!" म्हणाल्या. बूड शेकत होतं आणि मी पाय पसरले. कुणीतरी विचारलं, "जावई कसा आहे गं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "उंच आहे. कमी बोलतो." निघालंच. मग त्यांनी विचारलं, नोकरी काय, घरचे कोण, आणि मी सांगत गेले. जावई माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला होता बघ. मला आवडायलासुद्धा लागला. आयुष्यात कुणी माझा हेवा केला नव्हता. त्या दिवशी सगळ्या माझ्याकडे तसं बघत होत्या, जसं मी तुझी पत्रं वाचताना बघते.

एक दिवस मी तसा काढला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बोटीने मिरान उतरली. रजा टाकून आली होती. धक्क्यावर युवक मंडळाने तिच्या अभिनंदनाचा फलक टांगला होता, तो तिने स्वतः सोडवून घडी घातली आणि काखेत मारला. घरी येऊन मला एकच विचारलं, "आई, काल का नाही सांगितलंस?" मी खोटं बोलू शकले नाही. उबेच्या जागेपासून जावयाच्या उंचीपर्यंत सगळं सांगितलं. मला वाटलं आता कडाकडा बोलेल. तिने फलक कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाली, "ऊठ. शाल घे."

आम्ही दोघी दारोदार फिरलो. मी म्हणायची, "लग्न नाही, फोनमध्ये चोर शिरला होता." ती प्रत्येक ओसरीवर बसून फोन तपासायची. बहुतेकांच्या पोरांनी फोनला राखण घातलेली होती, म्हणून वाचले. वड्या परत घेतल्या नाहीत कुणी. बोक्सुन म्हणाली, "माझा फोन नको म्हणाला, मी म्हटलं बरं. प्रत्यक्ष भेटलीस की विचारणार होते." चिडावं तरी कसं असल्या बाईवर! म्हातारीच्या घरी मात्र माझ्याने पुढे पाऊल टाकवेना. मिरान एकटी आत गेली आणि तिचा हात हातात घेऊन बराच वेळ बसली.

मग तुझं पत्र आलं. तू पत्रिका उघडलीस. मिरानने तारीख बघितली आणि म्हणाली, "त्याच दुपारी कळवलं असतंस तर मावशी वाचली असती." माझा फोन पुसून कोरा केलाय, तुझा नंबरही त्यातच गेला, पाठ कुठे होता मला? म्हणून हे पत्र जलद टपालाने पाठवतेय. तुझ्या फोनचं काय झालं? तेहोच्या लग्नाआधी हे असं काहीतरी माझ्यामुळे झालं, या विचाराने जेवण जात नाही.

शिव्या दे. पण लिही.

कुमजा

&nbsp;

१० डिसेंबर
इंचॉन

कुमजा,

तुझं जलद टपाल वेळेत आलं होतं. मीच लिहिलं नाही. दोनदा फाडायला घेतलं. एक दिवस उबेला बसायचं म्हणून तू मला खड्ड्यात जाऊ दिलंस, हे मी विसरणार नाहीये, माफ केलं तरी.

माझ्या फोनमधूनही गेला निरोप. सगळ्या इमारतीला, नात्यागोत्यात, तेहोच्या कंपनीतल्या दोघांना. आणि त्या मुलीच्या आईलासुद्धा. तिचा नंबर पुसायचं धाडस मला झालं नव्हतं.

तेहोचं लग्न मोडलं, कुमजा. एप्रिलमध्येच. मुलीने अंगठी परत पाठवली. कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. मी कुणालाच कळू दिलं नाही. तुला तर नाहीच नाही. तू चार पानं वाचून दोन दिवस बोलली नव्हतीस ना, मग मोडलेलं ऐकून तू किती बोलशील, याची भीती होती. लिफ्टमध्ये "सासूबाई" म्हणायच्या आणि मी हसायची. तुझा एक दिवस झाला, माझे महिनेच्या महिने गेले त्या उबेत. म्हणून तुला काय बोलू?

मुलीच्या आईने फोन केला. "इतक्यात दुसरी शोधलीत? मग आमच्या मुलीचंच चुकलं असं सगळ्यांना वाटणार." मी म्हटलं, नाही हो, कुणी शोधलेली नाही, चोराने पाठवलंय. तिला पटेना. मी रडले तेव्हा पटलं. मग तीही रडली.

आणि पत्रिका का उघडली, तेही ऐक. फोनने मलाही विचारलं होतं, नक्की का म्हणून. चौकीदारसुद्धा म्हणाला, आजी, राहू द्या. पण मला तुझा जावई बघायचा होता. मनात म्हणत होते, देवा, टकला असू दे. बुटका असू दे. चोराला माझी राखण तोडावी लागली नाही. मीच त्याला बोट धरून आत आणलं.

इमारतीत आता सगळ्यांना सांगणं भाग होतं. तेहोला फोन केला की ये, दोन दिवस राहा, मला एकटीला जमत नाही. त्याने उचलला नाही. संध्याकाळी निरोप आला: "आई, पासवर्ड बदल." तेवढाच. आठवड्याने पुन्हा विचारलं, तर म्हणाला, "बघू."

तुझी पोर रजा टाकून आली. न झालेल्या जावयापायी शाल घेऊन तुझ्याबरोबर दारोदार फिरली, आणि तुझ्याने जाववेना तिथे तुझ्याऐवजी आत गेली. आणि तू मला लिहितेस, माझ्याकडे काय आहे सांगायला.

मी जळते तुझ्यावर, कुमजा. सरळ सांगते, पत्रात तोडायला कुणी नसतं. इतकी जळते की तुझं पत्र वाचून झाल्यावर मला जेवण गेलं नाही.

मी लिफ्टने एकेका मजल्यावर उतरले आणि एकेक बेल वाजवली. एकटीनं.

ओकही